गुणाबाईची सही

बोडीटोल्याच्या तलावात डिझेल उतरलं, त्याला पंधरा दिवस झाले होते. रस्त्यावर टँकर उलटला, तेल नाल्यानं वाहत आलं आणि पाण्यावर रंगीबेरंगी तवंग धरला. मासेमारी बंद पडली. तलावावर जगणारी ढिवरांची चाळीस घरं आता गुणाबाईच्या एका सहीकडे डोळे लावून बसली होती.

गुणाबाई मारबते ही गावच्या जैवविविधता समितीची अध्यक्ष. पाच वर्षांपूर्वी बाईमाणूस हवं म्हणून तिचं नाव घातलं होतं. तेव्हापासून माशांच्या आणि झाडांच्या नोंदवहीवर सही करण्यापलीकडे तिला काम पडलं नव्हतं. आता सफाई करणाऱ्या कंपनीनं तलावाच्या पाळीवर निळे ड्रम आणून ठेवले होते. आत तेल खाणारे जिवाणू. ते पाण्यात सोडायला समितीचं ना-हरकत पत्र लागत होतं.

कंपनीची भाग्यश्री नागपुरातली तरुण शास्त्रज्ञ. पोरगी गोड बोलायची, कंटाळायची नाही.

"गुणाबाई, जनुकं बदललेले जिवाणू असते तर थेट दिल्लीची परवानगी लागली असती. हे तसे नाहीत. मातीतलेच आहेत. प्रयोगशाळेत डिझेलवर वाढवून वाढवून त्यांना तेलाची सवय लावलीय."

"मंग यांची परवानगी कोन देते?"

भाग्यश्री म्हणाली, "यांना तशी वेगळी लागत नाही."

त्या उत्तरानं गुणाबाईच्या जिवाला घोर लागला. भाकरी थापता थापता हात थांबायचा. बारा वर्षांपूर्वी याच तलावात तिनं स्वतःच्या हातानं विदेशी मांगूर माशाचं बीज सोडलं होतं. लवकर वाढते, काहीबी खाते, असं विकणारा म्हणाला होता. परवानगीचं तेव्हाही कोणी विचारलं नव्हतं. त्या मांगूरानं तलावातले मूळचे मासे संपवले: दाडक खाल्ली, बोटरी खाल्ली, मरळीची पिल्लं फस्त केली. पुढे त्याच्यावर बंदी आहे हे कळलं, तोवर तलाव ओस पडला होता. जाळं टाकून टाकून तो मासा काढण्यात दोन उन्हाळे गेले. कुणी तिला बोल लावला नाही. तेच तिला जास्त लागलं होतं.

तिनं एसटी धरली, चंद्रपूर गाठलं. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात गेली. शेवटी एका साहेबांनी कागद उलटसुलट पाहून सांगितलं, "बाई, हे आमच्याकडे येत नाही. आणि कोणाकडे येते, तेही मले सांगता येत नाई."

गावात परतली तर दीर केवळराम दारातच उभा. तो मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष.

"वहिनी, काऊन अडवून राह्यल्या? लोकं मजुरीले जाऊन राह्यले. पाण्यात तेल आहे, ते खानारे जिवाणू आले, आता सोडा म्हना!"

"भाऊजी, सोडलेलं पान्यातून परत काढता येते का? मी काढून पाह्यलं हाये."

केवळराम तणतणत निघून गेला. पुढचे आठ दिवस तो तिच्या दारात आला नाही. पाणी भरायला गेली की बाया गप्प व्हायच्या. गुणाबाईलाही वाटायचं, आपल्या भीतीपायी आपण चाळीस घरांचं पोट तर मारून राह्यलो नाही ना? सही करावी म्हणून ती एकदा पेन घेऊन बसलीसुद्धा. मग पेन तसंच ठेवून पाळीवर गेली. ड्रम उन्हात तापत उभे होते.

भाग्यश्री तिथंच होती. तिनं अहवाल पुढे केला. "बघा, तपासणी झालीय."

"हे कशाची तपासनी? तुमच्या प्रयोगशाळेतल्या बाटलीची. या ड्रमात आज तेच हाये, हे कोनी पाह्यलं?"

भाग्यश्रीनं अहवाल मिटून पिशवीत ठेवला. त्याच दुपारी तिनं तीन ड्रमांमधून नमुने भरून नेले.

दहा दिवसांनी ती परत आली. फोनवर सांगता आलं असतं, पण ती स्वतः आली आणि गुणाबाईच्या ओसरीवर बसली. "दोन ड्रमांत कागदावर नसलेला जंतू निघाला. माणसाच्या जखमेत गेला तर त्रास देणारा. भरताना कुठंतरी मिसळला. मी कंपनीला लेखी कळवलंय. साहेब माझ्यावर भडकलेत."

गुणाबाईला जिंकल्यासारखं वाटलं नाही. गुडघ्यापर्यंत पाण्यात उभी राहणारी, पायांवर जखमा असलेली माणसं तिच्या डोळ्यांपुढे आली.

ड्रम परत गेले. नवे आले ते प्रत्येकाच्या तपासणीसकट. आधी पाळीच्या बाहेर ताडपत्री अंथरलेल्या खड्ड्यात तलावाचं पाणी घेऊन, त्यात नवे जिवाणू आणि मासे सोडून महिनाभर पाहिलं. तेल घटलं, मासे जगले. मग गुणाबाईनं सही केली. तलाव निवळायला दिवाळी उलटली. हंगाम हातचा गेला तो गेलाच. दोन घरं कामासाठी तेलंगणात निघून गेली, आणि त्यांच्या बाया अजून तिच्याशी बोलत नाहीत.

पहिल्या जाळ्यातली मरळ केवळरामनं स्वतः आणून दिली. "वहिनी, राग नोका धरू."

गुणाबाईनं तिचं कालवण केलं आणि सकाळी सकाळीच एकटीनं खाल्लं. सुनेनं आपलं ताट पुढे केलं तर म्हणाली, "मले काई झालं नाई, तं तुमी उद्या खा." दिवसभर अंगणात येरझारा घालत राहिली, आपलंच पोट चाचपत.