कोपऱ्यातलं बोट

अंधेरीतल्या आमच्या गाळ्याच्या पायरीवर दुपारी डबे उघडले की शेजारच्या गाळ्यातल्या मावशी आधी बातमी मागतात. "काय गो, आज खबर काय?" भाजी करपली, पंखा बिघडला, काहीही चालतं. ऐकून झालं की तिळाची वडी हातावर. वाईट बातमी मात्र जेवल्यावरच सांगायची.

परवा गावी आईच्या डोळ्याची पट्टी सुटणार होती. आठवीत शाळा सोडलेली मी, डॉक्टरांना फोनवर काय विचारणार? मी डबा उघडलाच नाही. मावशींनी पहिल्यांदाच मला सोडून सगळ्यांना विचारलं. माझी वडी तेवढी कागदात बांधून ठेवली.

चारच्या चहाला भावाचा फोन आला. "ताई, आईला दिसतंय! तुझा फोटो मागतेय!"

मी रडायलाच लागले. मावशी ओरडल्या, "रडतंस काय? उन्हात ये! आजचो दिस सगळ्यात बारको, ऊन पळता!" पायरीवर उरलेल्या हातभर उन्हात मला उभं करून त्यांनीच फोटो काढला. मी तो भावाला पाठवला.

लगेच आई फोनवर. "बारीक झालीस गं. आणि कोपऱ्यात हे बोट कुणाचं?"

मी हसत फोन मावशींना दिला.

"ता बोट माझा," मावशी म्हणाल्या. "आता तुमची खबर सांगा."