काकींच्या पिंजऱ्यातला कागद

आमच्या शेजारच्या काकींच्या घरात पक्षी आहे, हे वासावरून कधीच कोणाला कळलं नसतं. मालवणचा खारा वारा खिडकीतून येऊन पिसं घरभर करायचा आणि काकी ओलं फडकं घेऊन त्यांच्या मागे लागायच्या. केरसुणी नाही, केरसुणीने पिसं आणखी उडतात. हिरव्या लव्हबर्डच्या पिंजऱ्यात रोज सकाळी नवा कागद. त्यासाठी जुनी वर्तमानपत्रं मी पुरवायचो.

मग लादी पुसणं. "अवो, पाय उचला," म्हणताच खुर्चीतले काका पेपरातून डोकं न काढता आधी डावा पाय उचलायचे, मग दुखरा उजवा.

काका गेले. परवा त्यांचं वर्षश्राद्ध झालं. अंगणातल्या पानाला कावळा काही शिवेना. दुपार कलली तशा काकी उठल्या, पान आत घेऊन गेल्या आणि त्यातला भात पिंजऱ्यात ठेवला. राळ्याशिवाय कशालाही चोच न लावणारा तो पक्षी भात खायला लागला. काकींनी डोक्यावर पदर घेतला.

काल सकाळी मी रद्दी घेऊन गेलो, तेव्हा काकी पिंजऱ्यापाशी वाकल्या होत्या.

"अवो, पाय उचला. कागद बदलूचो आसा."

पक्ष्याने आधी डावा पाय उचलला. तो टेकवून मग, अगदी सावकाश, उजवा.

काकींनी माझ्या हातातली रद्दी बघितली.

"शिळो पेपर नको रे हाडू," त्या म्हणाल्या. "उद्यापासून त्या दिवसाचोच हाड. शिळो ते वाचूचे नाय."