फिदेन्सियोची कायमची जागा

फिदेन्सियो कान्तेरो सान्ता लुदोविकाच्या नगरपालिकेत बारा-तेरा वर्षं कंत्राटावर होता. डिसेंबरात कंत्राट संपायचं. जानेवारीत तो कागदाशिवायच कामावर यायचा आणि उन्हाळा सरता सरता केव्हातरी नवा कागद सहीला यायचा. निवडणूक आली की ज्याची सत्ता असेल त्याच्या रंगाचा रुमाल गळ्यात बांधून सभेत उभं राहायचं, हेही कामातच धरलेलं असे. कायम नोकरीवाल्यांना आजारपणाची रजा होती, म्हातारपणी पेन्शन होती आणि रुमाल न बांधण्याची मुभा होती. फिदेन्सियोला कायम व्हायचं होतं. तो पन्नाशीला टेकला होता आणि त्या वयानंतर सहसा कुणाला कायम करत नसत.

नगरपालिकेच्या दोन मजल्यांवर साठेक संगणक होते. राजधानीतून करवसुलीच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली की तो पेनड्राइव्ह खिशात टाकून टेबलामागून टेबल फिरायचा. प्रत्येक टेबलाशी तेरेरे या गार, कडसर पेयाचं शिंग पुढे यायचं. बर्फाचं पाणी ओतून ओतून फिकट झालेला पाला, त्यात खुपसलेली नळी. एक घोट घेतल्याशिवाय कामाला हात लावणं म्हणजे घरच्यांचा अपमान करण्यासारखं होतं. शेवटच्या टेबलावर नवी आवृत्ती पोचेपर्यंत राजधानीतून पुढची निघालेली असे. वरच्या मजल्यावर भरलेला कर खालच्या मजल्यावर दिसत नसे आणि लोक पावती दाखवून भांडत.

म्हणून त्याने रविवारी घरी बसून एक व्यवस्था रचली. मुख्य मशिनवरून एकदा आज्ञा द्यायची. प्रत्येक संगणक आपणहून जुना प्रोग्राम काढील, नवा बसवील, प्रिंटर जोडून घेईल आणि पुन्हा सुरू होईल. फिरायचं काम नाही. प्रशासनाच्या प्रमुख ग्रिसेल्दा बाई वकील होत्या, आणि तिकडे वकिलांनाही डॉक्टर म्हणायची रीत असल्याने त्यांना सगळे डॉक्टोरा म्हणत. कायम करायच्या माणसांची यादी महिनाअखेरीस नगराध्यक्षांकडे जाणार होती. एका दुपारीत सगळी मशिनं तयार करून दाखव, यादीत तुझं नाव घालते, असं डॉक्टोरांनी त्याला सांगितलं.

त्याने शुक्रवार निवडला. कचेरी एकला सुटते. सकाळी तो सगळ्यांना सांगून आला, की जाताना मशिनं बंद करू नका. आधीचे तीन दिवस उत्तरेचा गरम वारा होता. माणसं घामेजलेली आणि चिडकी झाली होती. एक वाजता इमारत रिकामी झाली. फिदेन्सियो जिन्याखालच्या खोलीत मुख्य मशिनपुढे बसला. त्या खोलीला खिडकी नव्हती आणि थंड हवेचं यंत्र मोठ्याने घुरघुरत असे.

पडद्यावर साठ नावांपुढे काम सुरू झाल्याची खूण आली. थोड्या वेळाने एक नाव गप्प झालं, मग शेजारचं, मग सबंध खोलीच. त्याला वाटलं, तार सैल झाली असेल. वरच्या मजल्यावरची नावंही एका ओळीने जायला लागली तेव्हा तो उठून बाहेर धावला.

बाहेर भरदुपारी अंधारलं होतं. दक्षिणेकडून काळे ढग छपरांवर उतरले होते. जन्मनोंदणीच्या खोलीत झाडूवाली न्या सेवेरा टेबलाखाली वाकून प्लग ओढत होती. साठी ओलांडलेली बाई, सगळे तिला मानाने न्या म्हणत.

"न्या सेवेरा, काय करताय तुम्ही?"

"दिसत नाही का? वादळ आलंय. वरचे सगळे काढून आले मी. तू कुठे होतास रे?"

"मशिनं चालू ठेवा म्हणून सांगितलं होतं ना सकाळी."

"ते उन्हातलं सांगितलं होतंस तू." ती पुढच्या टेबलाखाली गेली. "वादळात कोण चालू ठेवतं? जळून गेली असती म्हणजे कळलं असतं तुला."

त्या गावात ढग काळे झाले की माणूस आधी फ्रिजचा प्लग काढतो, मग दोरीवरचे कपडे. त्याच्या घरी त्याची बायकोही त्या घटकेला तेच करत असणार. जन्म त्या आभाळाखाली काढूनही व्यवस्था रचताना त्याने आभाळ हिशेबात धरलं नव्हतं.

जुना प्रोग्राम निघाला होता, नवा बसला नव्हता, आणि अर्धवट राहिलेली मशिनं पुन्हा आज्ञा घेईनात. वादळ दोन-चार गडगडाट करून पुढे गेलं. वीजसुद्धा गेली नाही.

सोमवारी खिडक्यांपुढे रांगा लागल्या आणि एकही मशिन धड उघडेना. वाहन-परवान्याच्या कारकुनाने जाहीर केलं, की आपल्या फिदेन्सियोने एका दमात साठ मशिनं मारली, असा नेम आजवर कुणी पाहिला नव्हता. लोक हसले. मग त्यानेच शिंग भरून पुढे केलं. फिदेन्सियो तो आठवडाभर पेनड्राइव्ह घेऊन टेबलामागून टेबल फिरला. यादी त्याच्या नावाशिवाय गेली. डॉक्टोरा वाईट वागल्या नाहीत. जे भर कामाच्या दिवशी बंद पडतं त्यासाठी कायमची जागा मागायला तोंड कुठून आणू, एवढंच त्यांनी विचारलं.

तो पुन्हा कामाला लागला. आता मधेच वीज तुटली तरी मशिन जिथे थांबलं तिथूनच पुढे काम उचलेल आणि नवा प्रोग्राम पुरता बसल्याशिवाय जुना जाणार नाही, अशी त्याने सोय केली. डिसेंबराच्या सुरुवातीला पुढची आवृत्ती आली. दुपार संपायच्या आत साठही मशिनं तयार होती. दुसऱ्या दिवशी खिडक्या वेळेवर उघडल्या. काही बदललं आहे हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. तो टेबलांमधून उगाच एक फेरी मारून आला. कुणालाच त्याच्याकडून काही नको होतं.

डॉक्टोरांनी त्याला बोलावलं. पुढच्या वर्षीची यादी त्यांच्यापुढेच होती.

"छान केलंस," त्या म्हणाल्या. "पण आता नगराध्यक्षांना काय सांगू? काम आपोआप होतं, तरी माणूस कायमचा हवा?"

"ते आपोआप चालत राहायला कुणीतरी बघावं लागतं, डॉक्टोरा."

"किती? महिन्यातून एक दुपार?"

खोटं सांगायचं तर त्याच वेळी सांगायला हवं होतं, आणि ते त्याला वेळेवर सुचलं नाही.

या खेपेला नवं कंत्राट लगेच आलं, तीन महिन्यांचं, अर्ध्या दिवसाचं. त्याने सही केली. तो उठत असताना डॉक्टोरा म्हणाल्या, की आज्ञा कशी द्यायची ते सोप्या शब्दांत लिहून ठेवलंस तर बरं, वाहन-परवान्याच्या त्या कारकुनालाही जमेल असं. तो कारकून कायम होता.

फिदेन्सियोने त्याच सकाळी लिहून दिलं. एका पानात मावलं. कारकुनाने वाचून पाहिलं आणि सगळं कळलं म्हणून सांगितलं.