दहाव्याला विसरलेले बाबा

आईच्या दहाव्याला आम्ही बाबांना दिवाळे गावच्या खाडीवर विसरून आलो.

ही गोष्ट मी फारशी कुणाला सांगत नाही, कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग तू काय करत होतीस?" आणि मी, म्हणजे त्यांची थोरली मुलगी, गेली बावीस वर्षं कॉलेजात सामाजिक मानसशास्त्र शिकवते. पहिल्याच महिन्यात मी मुलांना सांगते की, रस्त्यात कुणी पडलं आणि बघणारा एकटाच असला तर तो धावतो. बघणारे दहा असले तर प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी जाईल. याला जबाबदारीचं विभाजन म्हणतात. फळ्यावर मी दहा गोल काढते आणि त्यांच्यापुढे एक आडवा पडलेला माणूस. मुलं हसतात. (माझ्या चित्रकलेला हसतात, विषयाला नाही.)

तर दहावा. गुरुजी, माझा धाकटा भाऊ मंदार, अण्णाकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, माझा नवरा सुहास, आई-बाबांच्या सोसायटीचे सेक्रेटरी आणि मी. (हल्ली बायकाही जातात. न जाणाऱ्यांना आईच बोलली असती.) आणि अर्थात बाबा. पिंड मांडून झाले, नमस्कार झाले, आम्ही मागे सरकून उभे राहिलो, आणि कावळा काही शिवेना.

शिवेल कसा? समोर कोळणींनी बोंबील वाळत घातले होते! दिवाळ्याचे कावळे ते. त्यांनी ताजी मासळी सोडून आमच्या भाताकडे का बघावं? पण हे गुरुजींना सांगणार कोण? त्यांना पुढे खारघरला जायचं होतं.

"इच्छा राहिली असेल काहीतरी," घड्याळ बघत ते म्हणाले. "बोला, बोला. शब्द द्या माउलीला."

मंदार पंचा सावरत पुढे झाला. "आई, बाबांची काळजी करू नकोस. मी आहे ना!" कावळा बोंबलाच्या दिशेने दोन उड्या मारून थांबला.

"वहिनी, दादाला मी अंतर देणार नाही!" अण्णाकाका म्हणाले. कावळ्याने मान फिरवली.

मग रांगच लागली. लग्नानंतरच्या चोवीस वर्षांत सासऱ्यांना आपणहून एक फोन न केलेला सुहास हात जोडून म्हणाला, "आई, बाबांचं सगळं आम्ही बघू." सेक्रेटरीही मागे राहिले नाहीत. "काकू, अख्खी सोसायटी काकांच्या पाठीशी आहे! अजिबात टेन्शन घेऊ नका!" चार जण बोलले की पाचव्याला गप्प राहायची लाज वाटते. याला अनुरूपता म्हणतात, हाही धडा माझाच. पण आई गेल्याला दहाच दिवस झाले होते, आणि मी सगळ्यांत मोठ्याने ओरडले, "आई, बाबांना मी क्षणभरसुद्धा एकटं सोडणार नाही!"

आणि कावळा शिवला! तोंडातला बोंबील टाकून आला, भाताला चोच लावली आणि उडाला. सगळ्यांनी डोळे पुसले. मी मंदारकडे जरा तोऱ्यातच पाहिलं, हे आज कबूल करते. बाबा या सगळ्या वेळात मागच्या कट्ट्यावर बसून होते. तुम्हाला काही बोलायचंय का, असं त्यांना आम्ही कुणी विचारलंच नाही.

मग निघायची घाई झाली. गाड्या तीन. मंदार गुरुजींना खारघरला सोडून येणार होता. त्याला वाटलं, बाबा ताईच्या गाडीत आहेत. मी लांबून पाहिलं, मंदार पांढऱ्या कपड्यांतल्या कुणाला तरी हात धरून पुढच्या सीटवर बसवत होता. मला वाटलं, बाबाच ते. (गुरुजी होते.) अण्णाकाकांनी सेक्रेटरींना घेतलं आणि मनात म्हटलं, दोन-दोन मुलं असताना मी कशाला मध्ये पडू?

सीवूड्सला बाबांच्या घरी पोचलो, आंघोळी उरकल्या, चहा झाला. मंदारही आला. तेव्हा अण्णाकाकांनी विचारलं, "दादाला शुगरची गोळी दिली का गं?"

"मंदारने दिली असेल."

"छे! ताईने दिली असेल."

"ते आत पडलेत ना?" सुहास म्हणाला.

"बाथरूममध्ये असतील."

"मग खाली सेक्रेटरींशी बोलत बसले असतील," मंदार म्हणाला. सेक्रेटरी त्याच्या समोर बसून बिस्किट बुडवत होते!

मी बाबांना फोन लावला. फोन माझ्याच पर्समध्ये वाजला. आत त्यांचा चष्माही होता आणि गोळ्यांची पट्टीसुद्धा. "बाबा, तुमच्याकडून हरवेल, माझ्याकडे द्या," असं म्हणून सकाळी मीच काढून घेतलं होतं. आता फक्त बाबाच हरवले होते.

"ताई, तू शब्द दिला होतास! क्षणभरसुद्धा सोडणार नाही म्हणे!"

"आणि तू? तू गुरुजींना घरपोच केलंस, स्वतःच्या बापाला नाही!"

मंदार विसरला, कारण तो लहानपणापासून बेजबाबदार. मी विसरले, कारण दहा दिवसांची दगदग, जागरणं. दुसऱ्याची चूक झाली की स्वभाव आणि आपली झाली की परिस्थिती, यावर मी दर वर्षी पाच मार्कांचा प्रश्न काढते. तिन्ही गाड्या एकदमच सुटल्या. उपाशीपोटी साखर उतरली की बाबांना भोवळ येते, पाण्याला भरती असणार, आणि त्यांना चष्म्याशिवाय पायरी दिसत नाही. आई असती तर, असं वाटेत सारखं मनात येत होतं.

बाबा खाडीवरच होते. ताडपत्रीच्या सावलीत, एका म्हाताऱ्या कोळणीशेजारी बसून, हातात काठी घेऊन तिच्या बोंबलांवरचे कावळे हाकत होते.

"बाबा!" मी धावत गेले. "अहो, कुणाच्या फोनवरून तरी कळवायचं ना! आणि आम्ही निघालो तेव्हा उठला का नाहीत?"

त्यांनी काठी खाली ठेवली. "उठणारच होतो गं. लोक निघालेले दिसत होते. पण लग्न असो, मयत असो, ती येऊन 'अहो, चला' म्हणाली की मग मी उठायचो. पन्नास वर्षांची सवय. त्यामुळे बसूनच राहिलो. नंतर लक्षात आलं, आता कोणी म्हणणार नाही."

आमच्यात जबाबदारीचं विभाजन झालंच नव्हतं. ती सगळी एकाच बाईकडे होती, आणि आम्ही तिचाच दहावा उरकून घरी गेलो होतो. मी तिथेच, त्या वाळत्या बोंबलांमध्ये बसून रडले. मंदारही रडला. सेक्रेटरींनी दोघांना रुमाल दिला. (एकच होता.)

कोळीण कमरेवर हात ठेवून बघत होती. "सकालपासून बसलाय गो बिचारा. चाय पाजली मी, बटर दिला बुडवून खायाला. म्हनतो कसा, माजी पोरगी शिकलेली हाय, कॉलेजान शिकवते, येलच ती. तू का ती? काय शिकवतेस गो?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगायचं माझं धाडस झालं नाही.

"गणित," मी म्हटलं.

मी बाबांचा हात धरून "बाबा, चला" म्हटलं, तेव्हा ते उठले. गाडीत बसले, गोळी घेतली, चष्मा पुसून डोळ्यांवर लावला. पाम बीच रोडला लागल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "गणित शिकवत असतीस, तर निदान मोजून तरी घेतलं असतंस."

आणि दहा दिवसांत पहिल्यांदा हसले. खरंच होतं त्यांचं. आता मोजायला माझ्याकडे एकच तर उरले होते, आणि माझा हिशोब तिथेही चुकला!