बोर्डावरचे नऊ

पाणी माझ्या कंबरेला लागलं तेव्हा पुतण्या म्हणाला, "काकी, मला पोहायला येत नाही."

मला ते माहीत होतं. त्याच्या बापालाही येत नव्हतं.

"मग बोर्ड वाच," मी म्हटलं.

आम्ही तिघं होतो. पुतण्या, मी, आणि पुण्याहून आलेल्या पाहुण्या बाई. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, वयाने माझ्यापेक्षा थोड्याच लहान. मागे खडप, म्हणजे समुद्रातला लांबच लांब काळा कातळ. पुढे किनारा. आणि मध्ये घळ. भरतीचं पाणी आधी घळीत शिरतं, त्यामुळे कातळ अजून कोरडा असतो तोवर परतीची वाट गेलेली असते. मी घळीत दोन पावलं टाकली होती. तिसऱ्या पावलाला छातीपर्यंत पाणी असतं. बाई मागे कातळावर एका पायावर उभ्या होत्या. दुसऱ्या पायातून रक्त येत होतं आणि त्यांनी पुतण्याचा खांदा धरला होता. पुतण्याने कुणाचा खांदा धरायचा हा प्रश्न होता.

इथवर कसे आलो ते सांगते.

जयगडच्या अलीकडे आमचं गाव. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढं माझं घर, माझ्या नवऱ्याने स्वतः चिरे वाहून बांधलेलं. मला मूल नाही. नवरा गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी मुंबईहून दिराचा मुलगा आला. कौलं गळतात, दुरुस्ती करून देतो, इथे सही कर, म्हणाला. मी चौथी शिकले आहे. सही येते, पण कागद वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा त्या दिवशी सापडला नाही. मी सही केली आणि घर त्याच्या नावावर गेलं. ही माझी चूक, ती मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

रेल्वे नुकतीच सुरू झाली होती आणि मुंबई-पुण्याची माणसं कोकण बघायला यायला लागली होती. पुतण्याने कौलं बदलली, भिंतींना गेरूचा रंग दिला, माझ्या झोपायच्या खोलीच्या दारावर "कॉटेज नंबर एक" असं लिहिलं आणि माझी ट्रंक गोठ्याशेजारच्या पडवीत नेऊन ठेवली. गोठ्यात गाय नव्हती, वास होता.

"तात्पुरतं आहे, काकी," तो म्हणाला.

माझ्या खाटेवर परकी माणसं झोपायला लागली. सकाळी त्यांच्या चादरी मीच धुवायची.

मग त्याने तो बोर्ड रंगवून आणला. निळ्यावर पांढरी अक्षरं. "येथे करण्यासारख्या गोष्टी." सहा वाजता सूर्योदय. आमच्याकडे सूर्य डोंगरामागून येतो, सात वाजले तरी अंगणात ऊन नसतं. पण पाहुणे बिचारे सहाला उठून अंगणात कुडकुडत उभे राहायचे. आठ वाजता घावन-चटणी. नऊ वाजता खडपावर कालवं काढणे. अकराला बैलगाडी. चार वाजता "आजीबरोबर जात्यावर दळण". ती आजी मी. गावात गिरणी येऊन पंधरा वर्षं झाली होती, जातं परसात पडलं होतं, त्यावर मांजर झोपायचं. ते धुऊन आणून मला त्याच्यापुढे बसवलं. पाहुणे फोटो काढायचे आणि म्हणायचे, "आजी, ओवी म्हणा ना." मला एकही ओवी येत नव्हती. मी अंगाईची चाल लावून पाढे म्हणायचे. कुणाला कळलं नाही.

हे सगळं मी सोसलं असतं. पण खडपाचे नऊ मला बघवेनात.

समुद्र रोज एका वेळेला येत नाही. आमच्याकडे बाया तिथीवरून हिशेब करतात. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पुरी होते. चतुर्थी असेल तर तीन वाजता. म्हणजे सकाळी नवाला पाणी अगदी खाली. बोर्ड रंगवला त्या दिवशी नेमकी चतुर्थी होती. पुतण्या सकाळी नवाला खाली गेला, लांबपर्यंत उघडं खडप बघितलं, आणि नऊ लिहून मोकळा झाला.

मी त्याला सांगितलं. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा पाहुण्यांसमोर.

"काकी, भरती-ओहोटी मला शिकवू नको. तू चौथी पास."

"चौथीत पाऊणकी असते रे."

पाहुण्यांसमोर बोललेलं त्याला लागलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "पडवी दिलीय ती राहायला दिलीय, तोंड चालवायला नाही. पाहुण्यांना आजी लागते म्हणून तुला ठेवलीय. नाहीतर रत्नागिरीला आश्रमात सोडून येईन."

त्या दिवसापासून मी गप्प बसले. आणि तिथ्या मोजायला लागले.

एकादशीला सव्वाआठला भरती. पाहुणे नऊला खाली गेले तर खडप पाण्याखाली. ते नुसते वाळूत उभे राहून परत आले. पुतण्या म्हणाला, आज समुद्र खवळलाय. त्यात कुणाला धोका नव्हता. धोका पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या द्वितीयेला. दोनाचे पाऊणपट दीड. नवाला पाणी चढायला लागलेलं असतं, पण डोळ्यांना दिसत नाही, खडप कोरडं असतं, माणूस खुशाल चालत जातो. आणि ते दिवस उधाणाचे. साडेदहाच्या पुढे घळ भरते ती घोडा आल्यासारखी.

मी द्वितीयेची वाट बघितली. तो मरावा असं माझ्या मनात नव्हतं, असं मी म्हणणार नाही. होतं. निदान त्याने पाण्यात उभं राहून आई म्हणून ओरडावं, आणि मी किनाऱ्यावर बसून ऐकावं, एवढं तरी नक्की हवं होतं.

द्वितीयेला पाहुण्या बाई एकट्याच होत्या. मला वाटलं त्या झोपून राहतील आणि खाली कुणीच जाणार नाही. पण त्या आठ वाजताच चपला घालून तयार. पुतण्याने कोयती आणि टोपली घेतली. मी भांडी घासत बसले.

बाई आल्या आणि त्यांनी माझा ओला हात धरला. बोर्डावर आजी लिहिलेलं, म्हणून त्याही मला आजीच म्हणायच्या. "आजी, तुम्ही चला. ह्यांना कालवं दाखवता येणार नाहीत. ह्यांनी काल मला शिंपले दाखवून कालवं म्हणून सांगितलं."

मी तेव्हा सांगू शकत होते. नाही सांगितलं. विचार केला, बरोबर जाते, दहा वाजले की बाईंना घेऊन निघते, ह्याला तिथेच राहू दे. सावली बघून मला दहा कळतात.

दहाला मी उठले आणि बाई घसरल्या. कातळाला चिकटलेल्या कालवांच्या कवचाची कड पात्यासारखी असते. तळपाय चांगला दोन बोटं चिरला. पदर फाडून बांधेपर्यंत, त्यांना उभं करेपर्यंत, पावलापावलाने घळीपर्यंत आणेपर्यंत वेळ गेली. माझा सूड माझ्याच कंबरेला येऊन लागला.

"काकी, काहीतरी कर," पुतण्या म्हणाला. त्याचे दात वाजत होते. थंडी नव्हती.

घळीच्या वरच्या अंगाला एक जुना दगडी बांध आहे. मासे अडवायला कोणे काळी घातलेला. पाण्याखाली गेला की दिसत नाही. टेकडीवरचा वड आणि देवळाचा कळस एका रेषेत धरून चाललं तर तो पायाखाली सापडतो, पाणी मांडीच्या वर येत नाही. हात दोन हात बाजूला गेलं की बुडलंच. माझ्या सासूने मला तो दाखवला होता. गावात तीन-चार बायांना माहीत असेल.

"वाट आहे," मी म्हटलं. "माझं घर दे."

"काय?"

"घर. ओंजळीत पाणी घे आणि गावदेवीची आण घेऊन बोल."

"काकी, ही काय वेळ आहे?"

"हीच आहे. अजून थोडी थांबलास तर हीपण राहणार नाही."

बाई माझ्याकडे बघत होत्या. तेवढ्यात एक लाट आली आणि पुतण्याच्या हातातली टोपली घेऊन गेली. त्याने ओंजळ भरली. बोटांतून पाणी गळून गेलं, परत भरावी लागली. "घर काकीचं. तिच्या खोलीत ती राहील. गावदेवीची आण."

"बोर्ड?"

"काढतो गो, काढतो!"

मी पुढे, बाई मध्ये, तो मागे, बाईंची साडी धरून. मी वडावर डोळा ठेवून चालले. मध्येच एक दगड सुटलेला होता, तिथे मी गळ्यापर्यंत गेले. त्या क्षणी पुतण्याने बाईंना सोडून माझं लुगडं धरलं नसतं तर हे सांगायला मी नसते. तो मला वाचवत होता की वाट धरून ठेवत होता, हे मी त्याला विचारलेलं नाही.

वाळूवर बाई बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, तुम्हाला पाण्याची वेळ ठाऊक होती."

"होती."

"तरी मला नेलंत?"

"हात तुम्ही धरलात."

संध्याकाळी पुतण्या कोरडा झाला आणि म्हणाला, "पाण्यात माणूस काहीही बोलतो, काकी. कागद माझ्या नावावर आहे."

कॉटेज नंबर एकमध्ये बाईच राहत होत्या. पायाला फडकं बांधून त्या लंगडत बाहेर आल्या. "मी ऐकलंय तुम्ही काय बोललात ते," त्या त्याला म्हणाल्या. "भरतीत पाहुण्यांना कोण घेऊन गेलं तेही मी सांगू शकते, पोलिसांना आणि वर्तमानपत्राला." मग त्यांनी आपली बॅग दुसऱ्या खोलीत नेली आणि माझ्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. माझ्याकडे बघितलं नाही. सकाळच्या एस.टी.ने गेल्या. येते म्हणाल्या नाहीत. मला ते बरोबर वाटलं.

त्या रात्री मी आतून कडी लावून माझ्या खाटेवर झोपले. पुतण्याने दार वाजवलं, मग लाथ मारली, मग थांबला. पावसाळ्याआधी तो मुंबईला गेला. कागद अजून त्याच्याकडे आहे, घर माझ्याकडे. देवीची आण मोडायची हिंमत त्याला नाही की वर्तमानपत्राची भीती आहे, मला फरक पडत नाही. मला पश्चात्ताप झाला तो फक्त बाईंच्या पायाचा.

खडपावर आम्ही तिघं गेलो होतो. तिघंही जगलो.