किल्ल्याच्या गावातली काडी

२५ मार्च २०२५, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटे. संत्रा बागायतदारांच्या अभ्यासदौऱ्याची बस जपानमधल्या एका जुन्या किल्ल्याच्या गावी थांबली. विमानाला अवकाश होता. म्हणून इतिहास पाहायचा, असे ठरले. दौऱ्यात तांत्रिक अधिकारी मी एकटीच.

किल्ला काँक्रीटचा निघाला. आत लिफ्ट होती. आमच्या मंडळींनी लिफ्टचेच फोटो अधिक काढले. आमच्या वऱ्हाडातल्या नरनाळा किल्ल्याचे पडके बुरूज निदान स्वतःचे वय लपवीत नाहीत.

किल्ल्याखालच्या गल्लीत मातीच्या भिंती होत्या आणि भिंतींवरून लिंबूवर्गीय झाडांच्या पिवळ्या फळांनी लगडलेल्या फांद्या बाहेर झुकल्या होत्या. तिथे आमचे बागायतदार संघाचे अध्यक्ष मागे रेंगाळले. वळून पाहिले, तेव्हा ते कलमाचा चाकू मिटत होते आणि हॉटेलच्या ओल्या टॉवेलात कलमासाठी कापलेली, अंकुरांच्या डोळ्यांची एक काडी गुंडाळत होते. वऱ्हाडातला बागायतदार देवळात हात जोडायला विसरेल, पण दुसऱ्याच्या झाडाचा डोळा सोडणार नाही. या सवयीला आपल्याकडे हुशारी म्हणतात.

"ती काडी माझ्याकडे द्या," मी म्हटले.

"मॅडम, कावून तापून राहिल्या? काडी तं हाये, बंदूक नाई."

"अध्यक्ष, काडीनं काय होते? किल्लाच घ्या ना उचलून, लिफ्ट लावूनच हाये," मागून कुणीतरी म्हटले. सगळे हसले.

अमरावतीत रोगमुक्त रोपांची रोपवाटिका उभारण्याचा प्रस्ताव माझा होता; तीन वर्षांचे काम त्यात होते. विनापरवाना आणलेल्या एका डोळ्यातून नवा विषाणू आला, तर ती रोपवाटिका उघडण्याआधीच बंद पडली असती, आणि बागांचे काय झाले असते ते वेगळेच. हे मी त्यांना मराठीतच सांगितले.

"विषाणू माह्या बागेत येईन, तुमच्या पगारात नाई," ते म्हणाले. मग आवाज उतरवून, "नर्सरीच्या कागदावर सही कोनाची लागते, मालूम हाये ना?"

"तुमची."

"मंग?"

मी टॉवेल त्यांच्या हातातून घेतला, चाकूही मागितला. तो त्यांनी दिला, बहुधा मी विनोद करते आहे असे समजून. भिंतीला टेकून मी एकेक डोळा खरवडून काढला आणि खरवड काडीसकट टॉवेलात गुंडाळली. रस्त्यावर कचरापेटी नव्हती. तिकीटखिडकीवरच्या बाईंनी ते बोचके दोन्ही हातांनी घेतले, जणू मी भेट देत होते.

बसमध्ये अध्यक्षांभोवतीची मंडळी विमानतळापर्यंत माझ्याविषयी बोलत होती, मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने. मी दौऱ्याचा अहवाल लिहायला घेतला. त्यावरही शेवटी सही अध्यक्षांचीच लागणार होती. किल्ल्याला अर्धी ओळ दिली. खाली लिहिले : अध्यक्षांनी विनापरवाना कापलेली काडी, एक; नष्ट केलेले डोळे, सात.