विषय क्रमांक नऊ

रविवार, १७ नोव्हेंबर. सायंकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. तहकूब झालेली सर्वसाधारण सभा नियमानुसार पुन्हा सुरू. हजर सदस्य : एक. विषय क्रमांक नऊ. सूचक : हजर. अनुमोदक : नाही. निर्णय : होऊ शकला नाही.

दंत-स्वच्छता व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या इतिवृत्ताच्या वहीत, पान एकशे बारावर, ही नोंद आहे. तिच्यामुळे संघटनेचे दप्तर विद्रूप झाले असे कार्यकारिणीचे म्हणणे असून, जिने ती लिहिली तिच्याकडून पंधरा दिवसांत लेखी खुलासा मागवला आहे. खुलासा मागायचाच होता तर त्या दिवशी सभागृहातून उठून गेलेल्या छत्तीस जणांकडे मागायला हवा होता. पण छत्तीस जणांना पत्रे कोण लिहिणार? एकटीला लिहिणे सोपे. तेव्हा त्या एकटीचीच हकीकत आधी सांगितली पाहिजे.

तिचे वय चौपन्न. एकतीस वर्षे ती एकाच दवाखान्यात दात साफ करते. दुसऱ्या मजल्यावर, मागच्या खोलीत, खिडकीला पाठ करून. दात बसवणारे, दात भरणारे डॉक्टर पुढच्या खोलीत. लोक आभार मानतात ते त्यांचे. हिच्या खुर्चीत माणूस बसतो तेव्हा त्याचे तोंड उघडे आणि जीभ अडकलेली असते, त्यामुळे त्याने काही बोलायचा प्रश्नच नसतो. एकतीस वर्षे अशा माणसांच्या सहवासात काढल्यावर तिलाही उत्तराची अपेक्षा न ठेवता बोलायची सवय लागली. घरी आल्यावर ती कुलपाशी बोलते, दुधाच्या पातेल्याशी बोलते. बोलते म्हणजे काय, "झालं बरं का," एवढेच.

तिच्या कामातला एक भाग मोजण्याचा. बारीक खुणा असलेली एक सळई असते. ती हिरडी आणि दात यांच्या फटीत हलकेच उतरवायची, किती मिलिमीटर आत गेली ते पाहायचे आणि कार्डावर लिहायचे. एका दाताला सहा जागा. पूर्ण बत्तिशी असेल तर आकडे एकशे ब्याण्णव होतात. बाहेर माणसे खोळंबली की डॉक्टर दारातून डोकावत म्हणत, "अहो, सगळीकडे दोन-तीन, दोन-तीन लिहून टाका. हिरडी काय कोर्टात जाणार आहे का?" ती मान न उचलता म्हणे, "लिहिते ना. मोजून झालं की लिहिते." न मोजलेला आकडा तिने कार्डावर कधी लिहिला नाही. या गोष्टीचा तिला अभिमान होता असे नव्हे. तिच्याकडून ते होतच नसे.

तिची आई शेवटची अडीच वर्षे वृद्धनिवासात होती. तो निर्णय भावाचा. ही आठवड्यातले सहा दिवस कामावर, भावाची बायको आजारी, आईला उठवायला-बसवायला दोन माणसे लागत. हिने हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. दर रविवारी सकाळी दहा ते बारा ती आईच्या खाटेशी बसे. खाट क्रमांक सतरा. पुढे पुढे आई बोलेनाशी झाली. हसली तरी तोंडावर हात धरी. वयाने लाजते, असे हिला वाटले. लोकांना दिवसातून दहा वेळा "आ करा" म्हणणाऱ्या हिने आईला मात्र एकदाही तोंड उघडायला सांगितले नाही. लहानपणी "आ कर बघू" म्हणणारी आई. तिला तेच आपण कसे सांगायचे?

फुप्फुसात जंतुसंसर्ग झाला आणि आई चार दिवसांत गेली. निवासाच्या परिचारिकेने आईचे सामान एका पिशवीत घालून दिले. चष्मा, दोन गाऊन, पायमोजे, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली कवळी. ही कवळी शेवटी रुग्णालयात काढावी लागली, निघता निघत नव्हती, असे परिचारिका साधेपणाने म्हणाली. हिने ती पुडी उघडली. कवळीच्या आतल्या बाजूवर जो थर साचला होता तो किती दिवसांचा असेल हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिच्या डोळ्यांनी आपोआप हिशेब केला. सहा आठवडे. निदान सहा. अशा थरातले जंतू श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतात, हेही तिला ठाऊक होते.

भाऊ शेजारी उभा होता. त्यानेही पाहिले. मग तो म्हणाला, "तुझा धंदाच हा ना गं?"

त्यात टोमणा होता की नुसताच प्रश्न, हे तिला आजवर ठरवता आलेले नाही. भाऊबहिणीचे बोलणे त्यानंतर बंद पडले असेही नाही. ख्यालीखुशालीचे फोन होतात. पण तेवढे एक वाक्य दोघांच्या मध्ये तसेच राहिले आहे.

पुढच्याच महिन्यापासून ती दर गुरुवारी संध्याकाळी त्याच निवासात जाऊ लागली. चौतीस खाटा. प्रत्येक खाटेला क्रमांकाची चिठ्ठी लावलेली कवळीची डबी तिने आणली. अंथरुणावरच्या माणसाची मान कशी वळवायची, म्हणजे पाणी घशात जात नाही. कवळी कशी सैल करायची. दात नसलेल्या हिरड्याही ओल्या फडक्याने कशा पुसायच्या, हे तिने तिथल्या परिचारकांना शिकवले. त्यांना जड काहीच गेले नाही. त्यांना कोणी सांगितले नव्हते, इतकेच. चौतीस खाटा ही एक बाई सांभाळू शकते. पण देशात असे निवास किती, आणि संघटनेचे सदस्य किती? हे गणित तिने मांडले आणि त्यातून तो विषय निघाला.

विषय एका वाक्याचा होता. संघटनेच्या पुढील पाच वर्षांच्या ध्येयांत असे असावे की, प्रत्येक सदस्याने जवळच्या एका वृद्धनिवासात महिन्यातून एकदा जाऊन तिथल्या परिचारकांना तोंडाची निगा शिकवावी आणि वर्षअखेरीस किती खाटा झाल्या ते कळवावे.

संघटनेच्या घटनेप्रमाणे पदाधिकाऱ्यांचे विषय आधी, सदस्यांचे नंतर. हिचे पत्र सगळ्यांत आधी पोचले तरी विषय शेवटचाच. आणि शेवटच्या विषयाची वेळ येईपर्यंत कोणाला गाडी असे, कोणाला पाहुणे, कोणाला घशाची खवखव. गणपूर्तीला पंचवीस डोकी लागतात. लागोपाठ तीन वर्षे तिचा विषय निघायच्या वेळी अध्यक्षांनी खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि "गणपूर्ती नाही, विषय गळला" असे म्हणून घड्याळ मनगटावर सरळ केले. संघटनेत तिचे नाव नऊ नंबर पडले. "काय नऊ नंबर, या वर्षी तरी नंबर लागणार का?" असे चहाच्या टेबलापाशी विचारले जाई, आणि तीही हसे. न हसून काय करणार?

ज्यांच्यासाठी ती तीन वर्षे आधीपासून पत्र देत होती ती पंचवार्षिक ध्येये यंदा ठरायची होती. त्यासाठी सप्टेंबरात एक सल्लागार बोलावले होते. भिंतीवर मोठाले कागद, हातात रंगीत पेने. ध्येय मोजता आले पाहिजे, हे त्यांनी अकरा वेळा सांगितले. प्रत्येकाला तीन लाल टिकल्या मिळाल्या. आवडत्या ध्येयावर चिकटवायच्या. सदस्यसंख्या दुप्पट करणे या ध्येयावर टिकल्यांचा गोवर उठला. संघटनेचे नवे बोधचिन्ह, परदेशात परिषद, यांनाही भरपूर पडल्या. वृद्धनिवासाच्या कागदावर चार. त्यांतल्या तीन तिच्या. चौथी कोणाची हे तिने पुष्कळ शोधले. शेवटी कळले की चिटणीसबाईंच्या बाहीला चिकटलेली एक टिकली तिथे पडली होती.

चिटणीसबाई तिची वर्गमैत्रीण. एकाच बाकावर बसून दोघींनी प्लास्टरच्या जबड्यांवर हात बसवला होता. चिटणीसबाई मोठ्या मनाची, बोलायला गोड, आणि कोणालाही नाही म्हणता न येणारी. अशा माणसाच्या होकाराला किती वजन द्यायचे हे हिला कळायला हवे होते.

ऑक्टोबरात घटनेच्या पुस्तिकेची नवी आवृत्ती निघायची होती आणि मुद्रिते तपासायचे काम नेहमीप्रमाणे हिच्याकडे आले. फटी शोधायची नजर, दुसरे काय. नियम एकतीस वाचताना ती थांबली. त्यात लिहिले होते की, सभा चालू असता गणपूर्ती मोडल्यास सभा अर्धा तास तहकूब करावी, आणि अर्ध्या तासानंतर त्याच ठिकाणी जे सदस्य हजर असतील तेवढ्यांनीच गणपूर्ती झाली असे समजून उरलेले विषय घ्यावेत.

तिने ते वाक्य तीनदा वाचले. विषय गळतो असे घटनेत कुठेही नव्हते. वर्षानुवर्षे अध्यक्ष तसे म्हणत आले आणि सगळे तसे समजत आले. नुसता अर्धा तास थांबायचे होते. तिन्ही वर्षे ती जिना उतरून बसथांब्यावर उभी राहिली होती, आणि बस नेहमी अर्ध्या तासाहून उशिराच आली होती.

तिने चिटणीसबाईंना फोन केला. नियम वाचून दाखवला. दोघी असल्या की पुरे, एक सूचक, एक अनुमोदक, असे सांगितले. अध्यक्षस्थान त्यांतलीच एक घेऊ शकते हेही नियमातच आहे. चिटणीसबाई हसत म्हणाल्या, "अगं, तीस वर्षांत कोणी हे वाचलंच नाही म्हणजे. थांबते की. तुझ्यासाठी अर्धा तास म्हणजे काय मोठं?" ही निवृत्त होणार चार वर्षांनी. ध्येये ठरतात पाच वर्षांनी. यंदा राहिले तर पुढच्या खेपेस तिला मत नसेल, हे तिने फोनवर सांगितले नाही. मैत्रिणीला ते ठाऊक असेल असे ती धरून चालली.

सतरा तारखेला सकाळी सदतीस जण होते. साडेपाचपर्यंत आठ विषय झाले. बोधचिन्हात दाताचे मूळ दाखवावे की नाही यावर पन्नास मिनिटे गेली. मग खुर्च्या सरकू लागल्या. पाच चाळीसला अध्यक्षांनी नजर फिरवली, तेव्हा ती उभी राहिली आणि तिने नियम एकतीस वाचला. आवाज जरा चिरकला, पण वाचला.

अध्यक्ष हसून म्हणाले, "छान. मग थांबा तुम्ही. सभा तहकूब, अर्धा तास." आणि त्यांनी पिशवी उचलली.

चिटणीसबाई वही घेऊन तिच्या शेजारी येऊन बसल्या. दोघींनी पंधरा मिनिटे काढली. जुन्या प्राध्यापकांची नक्कल झाली, प्लास्टरच्या जबड्यांची आठवण निघाली. कितीतरी महिन्यांत ती इतकी हसली नव्हती. तेवढ्यात खालून गाडीचा भोंगा वाजला. अध्यक्षांची गाडी. चिटणीसबाई त्यांच्याबरोबरच जाणार होत्या, आणि इतक्या लांब एकटीने जायची त्यांना सवय नव्हती. भोंगा दुसऱ्यांदा वाजला तशी त्या उठल्या.

"हे बघ," वही आणि पेन तिच्या हातात देत त्या म्हणाल्या, "सहा दहाला तूच लिही. सूचक तू, अनुमोदक मी. मंजूर. उद्या वही घ्यायला येते तेव्हा सही करते."

"तू इथं नसशील ना पण."

"कोण बघतंय गं?"

बुटांचा आवाज जिन्यावरून उतरत गेला. मग गाडीचे दार लागल्याचे ऐकू आले.

सभागृहाचा रखवालदार खुर्च्या एकात एक रचू लागला होता. तिच्या रांगेपर्यंत आला आणि थांबला. "ताई, अजून आहे का काही?" आहे, सहा दहापर्यंत आहे, असे ती म्हणाली. त्याने तिची खुर्ची सोडून बाकीच्या उचलल्या. जाताना मागचे दिवे मालवले, तिच्यावरचा ठेवला. कोणाची वाट बघताय, असे त्याने दारातून विचारले. तिने सांगितले की मी एका सभेत आहे. त्याने मान हलवली, जणू अशा सभा त्याने पुष्कळ पाहिल्या होत्या.

वही मांडीवर उघडी होती. मंजूर हा एक शब्द. तो लिहिला की पुस्तिकेत छापून येणार, देशभर जाणार, आणि कोणी ना कोणी कुठल्यातरी खाटेशी वाकून एखादी कवळी काढणार. मैत्रीण खरोखर सही करील, याची तिला खात्री होती. मैत्रिणीला नाही म्हणता येत नाही. तिने पेनाचे टोपण काढले. भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजून आठ मिनिटे झाली होती. तिने आजूबाजूला पाहिले. रचलेल्या खुर्च्यांचे चार मनोरे आणि ती. तिने मोजले, आणि जे मोजले ते लिहिले.

दुसऱ्या दिवशी पान पाहून चिटणीसबाई रडकुंडीला आल्या. "एवढं साधं काम सांगितलं होतं तुला. आता सगळ्यांना कळेल मी गेले ते." पान फाडून टाकण्याविषयीही बोलणे झाले. वहीची पाने क्रमांक घातलेली असल्याने ते जमण्यासारखे नव्हते. त्यानंतर चिटणीसबाईंचा फोन आलेला नाही. आता आली ती खुलाशाची नोटीस, आणि तिच्याखाली सही त्यांचीच आहे.

ती दर गुरुवारी निवासात जाते. परवा खाट क्रमांक सतरावर एक नवीन आजी आल्या. तोंडावर हात धरून होत्या. ही खाली वाकली आणि म्हणाली, "आ करा बघू." आजींनी केले.

सदस्यहो, ध्येयांच्या यादीवर शेवटचे मतदान ९ मार्चच्या विशेष सभेत आहे. राहिलेला विषय नियमाने त्या सभेत येतो, आणि तिथेही तो शेवटीच असेल. तुम्ही त्या दिवशी तुमच्या गाडीची वेळ एक तासाने पुढची घ्या. आणि विषय क्रमांक नऊ पुकारला जाईल तेव्हा तुमच्यापैकी एकाने, कोणीही, हात वर करून "अनुमोदन" म्हणा.